उष्टं आकाश

प्रिय रेवा आणि प्रिय ओजस,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ओजसने मला एक बातमी दिली. वर्गात प्रत्येकाने आपल्या आजीआजोबांनी कोविडमध्ये काय केलं ते सांगायचं होतं. कुणाची आजी नर्स होती, कुणाच्या आजोबांनी शेजाऱ्यांच्या दारात सूप नेऊन ठेवलं होतं.

"आणि तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"आय सेड, माय आजी लिक्ड अ पेंटिंग."

"मग टीचर काय म्हणाल्या?"

"शी सेड, लेट्स मूव्ह ऑन."

तुमचे आजोबा इतके हसले की त्यांचा चष्मा चहात पडला. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की खरं काय ते लिहून ठेवायचं. चित्र मी चाटलं नाही. कापूस चाटला. तुम्हाला हा फरक किरकोळ वाटेल, पण माझा अख्खा धंदा त्या फरकावर उभा होता. इथल्या दिवाळी अंकाचे संपादकही बरेच दिवस मागे लागले होते, तेव्हा त्यांना आणि तुम्हाला एकदमच सांगते. रेवा, तू मोठ्याने वाच. अडलं तर आईला विचार, आणि तिलाही अडलं तर मला फोन करा.

माझा धंदा जुनी तैलचित्रं दुरुस्त करण्याचा. लोक मला चित्रकार म्हणतात, पण मी चित्रकार नाही. चित्रकार नसलेलं आणतो, मी असलेलं जाऊ देत नाही. डॉक्टर आणि शिंपी यांच्या मधलं काहीतरी काम आहे हे. कॅनव्हास फाटला तर धाग्याला धागा जोडायचा, रंगाची खपली सुटली तर चिकटवायची, मळ काढायचा, आणि रंग साफच गेला असेल तर तेवढीच जागा भरायची. तेवढीच! शेजारच्या मूळ रंगावर आपला एक ठिपका जरी पडला तरी ते आमच्याकडे पाप. दुसरा नियम असा की मी भरलेला रंग पुढे कुणाला काढावासा वाटला, तर मूळ चित्राला धक्का न लागता तो निघून आला पाहिजे. म्हणून तैलचित्रातली भोकं मी जलरंगाने भरते. उत्तम काम झालं की गिऱ्हाईक चित्रासमोर उभं राहून विचारतं, "मग तुम्ही केलंत काय?" ही आमच्यातली सर्वांत मोठी शाबासकी. ती पचवायला शिकावं लागतं.

त्यातही मी आकाशवाली. सिडनीपासून आमच्या वॉलॉंगॉंगपर्यंत कुणाचं आकाश बिघडलं की ते माझ्याकडे यायचं. झाडात चूक लपते, खडकात लपते, गाईच्या अंगावर तर हवी तेवढी लपते. आकाशात लपायला जागा नसते. एक ठिपका जरासा गडद झाला की तो पांढऱ्या सदऱ्यावरच्या आमटीच्या डागासारखा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो.

माझ्याकडे येणारी बहुतेक चित्रं रोमँटिक वळणाची. याचा प्रेमबिमाशी संबंध नाही, रेवा, उगाच हसू नकोस. दोनएकशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चित्रकारांना आकाशाचं वेड लागलं. त्याआधी बऱ्याच चित्रांत आकाश म्हणजे मागची रंगवलेली भिंत असायची. या मंडळींचं म्हणणं पडलं की चित्राचा स्वभाव आकाशात असतो. मग ते कागद आणि रंग घेऊन टेकडीवर जायचे, ढग पुढे सरकायच्या आत भराभर रंगवायचे, आणि त्यातले काही कागदाच्या पाठीवर वेळ, वारा आणि पाऊस कुठून येतोय तेही लिहून ठेवायचे. घरी येऊन ते ढग मोठ्या चित्रात घालायचे. काळंभोर वादळ, त्याला फोडून आलेला उजेड, आणि खाली कुठेतरी मुंगीएवढा माणूस.

त्यांच्या वळणाचे चित्रकार पुढे बोटीने ऑस्ट्रेलियात आले. पेट्यांतून रंग आणले, ब्रश आणले आणि डोक्यातून आकाशही आणलं. म्हणून इथल्या कितीतरी जुन्या चित्रांत खाली गमट्री, म्हणजे इथली निलगिरीची झाडं, असतात आणि वर इंग्लंडचा पाऊस. मी त्यांना हसत नाही. मी इथे आले तेव्हा इथलं निळं मला खोटं वाटायचं. आमच्या पुण्याच्या आकाशात धूळ असते, त्यामुळे निळा रंग कालवताना हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. इथलं निळं धुऊन, पिळून, वाळत घातल्यासारखं. ते माझ्या हाताला यायला बरीच वर्षं लागली.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. पेंडल हिलला स्टेशनजवळ एक साडीवाले होते. त्यांनी लिलावात एक मोठं वादळ विकत घेतलं आणि माझ्याकडे आणून म्हणाले, "भाभीजी, बादल थोडे कम कर दो. सोफे से मैच नहीं होते." मी म्हटलं, ढग कमी करता येत नाहीत, ते त्या माणसाचे आहेत. महिनाभर विचार करून त्यांनी सोफा बदलला. दुसऱ्या एका बाईंनी इंटरनेटवर वाचून समुद्राचं चित्र कापलेल्या बटाट्याने घासलं होतं. बटाट्याचा रस चित्रात मुरला, त्यावर बुरशी धरली आणि लाटांना बारीक पांढरे केस आले. "इट लुक्स अलाइव्ह," असं त्या जरा कौतुकानेच म्हणाल्या.

आता थुंकीबद्दल. ओजस, हा भाग टीचरना वाचून दाखव. चुलीचा धूर, सिगारेटचा धूर, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ यांनी चित्रावर जो मळ बसतो, तो काढायला माणसाच्या थुंकीसारखं सौम्य आणि गुणी औषध नाही. अन्न पचवायला तोंडात जी रसायनं असतात, तीच हा मळही पचवतात. सगळ्या जगातले संवर्धक हे करतात, फक्त गिऱ्हाइकांसमोर करत नाहीत. बांबूच्या काडीला थोडा कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, चित्रावर घासायचा नाही, हळूच फिरवायचा. कापूस काळा झाला की फेकायचा आणि नवा घ्यायचा. वापरलेला बोळा पुन्हा तोंडात गेला तर तुम्ही या धंद्यात नवे आहात. माझ्या आईने उष्ट्याखरकट्याचे नियम असे कडक शिकवले होते की दुसऱ्याने तोंड लावलेल्या पेल्यातून मी अजून पाणी पीत नाही. आणि पोट कशावर भरलं? आयुष्यभर लोकांच्या पूर्वजांची आकाशं उष्टी करून!

आता विचार करा, अशा धंद्यात कोविड आला.

तुमचे आजोबा पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना सांभाळायला कारखाना उरला नव्हता. कोविडने तो परत दिला. त्यांनी दारात पिवळी चिकटपट्टी लावून घराचे दोन भाग केले. अलीकडे 'स्वच्छ', पलीकडे 'संशयास्पद'. केळी पुसली, वर्तमानपत्राला इस्त्री केली. कोथिंबीर भांड्याच्या साबणात धुतली, आणि त्या आठवड्यात चटणीला फेस आला. अशा घराच्या गॅरेजमध्ये मी दिवसभर कापूस चाटत बसायची. ते दारातून डोकावत आणि डोळे मिटून परत जात.

एका सकाळी सिडनीच्या क्वेकर्स हिलहून डीन नावाचा एक पन्नाशीचा माणूस आपला ट्रक घेऊन आला. ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं चित्र त्याने आमच्या गॅरेजसमोर ठेवलं आणि मागे जाऊन लेटरबॉक्सपाशी उभा राहिला. अंतर ठेवायचं होतं, त्यामुळे आमचं सगळं बोलणं ओरडून झालं. सगळ्या गल्लीने ऐकलं.

चित्र डीनच्या आत्याचं, मॉरीनचं. वय नव्वदीच्या आसपास. घरात पडली म्हणून तिला थोडे दिवस नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात, ठेवलं, आणि तेवढ्यात लॉकडाउन लागला. ती आत अडकली. तिने एकच गोष्ट मागितली होती, घरातलं ते चित्र. आपल्या घरामागे जो डोंगरकडा दिसतो ना, त्याचंच ते जुनं चित्र. त्यावर फुटू घातलेलं प्रचंड वादळ, खाली गाईंचं कुरण, आणि अगदी पुढे पाण्याचं एक डबकं. चित्रकाराची सही कुणालाच लागत नव्हती. मॉरीनच्या आजोबांपासून ते घरात होतं.

"नर्सिंग होमवाले म्हणाले, आत येणारी प्रत्येक वस्तू पुसून आणा," डीन लेटरबॉक्सपासून ओरडला.

"कशाने पुसलं?" मी ओरडले. पण ब्लँकेट उघडल्यावर उत्तर समोरच होतं. उजवीकडे वर, वादळाच्या अगदी मध्यावर, जेवणाच्या ताटाएवढं आकाश नाहीसं झालं होतं. खालचा भुरा कॅनव्हास दिसत होता.

"सॅनिटायझरने!"

सॅनिटायझर म्हणजे दारू. आणि या चित्रकारांना रंगात राळ मिसळून चमक आणायची हौस असे. दारूत राळ साखरेसारखी विरघळते. जगभर लोक ज्या बाटलीसाठी दुकानांसमोर रांगा लावत होते, त्या बाटलीने डीनने एक वादळ पुसून टाकलं होतं.

"रंग निघतोय हे कळलं नाही?"

"कापड काळं व्हायला लागलं," तो म्हणाला. "मला वाटलं जंतूच निघतायत. म्हणून आणखी जोरात पुसलं."

मी हसायला नको होतं. पण समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आधीच हसत होत्या. शेवटी डीनही हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. "आत्याला कळू न देता होईल का?"

मी म्हटलं, नाही. तिथे काय होतं ते तिलाच विचारावं लागेल, कारण मी मनाने ढग घालत नाही. फोटो असेल तर दे. फोटो भरपूर होते. दर ख्रिसमसला सगळं घर त्या चित्राखाली बसायचं. पण मागे उजवीकडे उभा राहायचा मॉरीनचा नवरा, सहा फुटांवर उंच, डोक्यावर ख्रिसमसचा कागदी मुकुट. प्रत्येक फोटोत तो मुकुट बरोबर त्या ताटाएवढ्या जागेवर.

निघताना डीन जरा हळू ओरडला. "आत्याचं बोलणं फार मनावर घेऊ नका. हल्ली तिचं इकडचं तिकडे होतं. ती घरी परत राहू शकेल असं आम्हाला वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. नर्सिंग होममधली सिमरन नावाची पंजाबी मुलगी टॅब्लेट धरून उभी होती. मास्क, त्यावर प्लॅस्टिकचा पडदा, आणि त्याच्या पलीकडून "नमस्ते आंटीजी". मग माझ्या स्क्रीनवर मॉरीनचा एक कान आला, मग कपाळ, मग अख्खी मॉरीन. मी सगळं सांगितलं. ती खदाखदा हसली.

"डीनने? लहानपणी त्याने माझा कुत्रा टूथपेस्टने धुतला होता!" मग एकदम गंभीर झाली. "तिथे निळं होतं. ढगात एक फट होती आणि त्यात अंगठ्याच्या नखाएवढा निळा तुकडा. मी आणि माझी बहीण रोज झोपण्याआधी बघायचो. दोन होते. एक वर, एक खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली," ती म्हणाली. जागा काही तिला आठवेना.

मी चित्राकडे पाहिलं. खाली सगळं तपकिरी होतं. कुरण तपकिरी, डबकं तपकिरी, गाई तपकिरी. बहुधा माझा चेहरा तिने वाचला असावा.

"हे बघ," मॉरीन म्हणाली, "इथे आल्यापासून मी काहीही बोलले की सगळे 'येस, डियर' म्हणतात. डॉक्टर, डीन, सगळे. तू मला 'येस, डियर' म्हणू नकोस. आधी शोध. निळं नसेल तर तसं तोंडावर सांग."

मी कबूल केलं. आणि खरं सांगायचं तर फोन ठेवताना मलाही वाटलं की निळं नसणार.

पहिलं काम ढगांची ओळख करून घ्यायची. डोंगर तोच, ढग त्याच जातीचे, आणि तेव्हा घराबाहेर पडायला व्यायाम हे एक मान्य कारण होतं. मी रोज दुपारी बागेत जाऊन गवतावर उताणी पडायला लागले. ढग उभ्याने बघितले तर मान मोडते, आणि बसून फक्त कडेचे दिसतात. चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या आकाशात एक टोपी आली. टोपीखाली एक तरुण पोलीस.

"यू ऑलराइट, लव्ह?"

"अगदी ठीक."

"इथे झोपून राहता येणार नाही. फक्त व्यायाम चालतो."

"हा व्यायामच आहे," मी म्हटलं. "शवासन. योगाचा प्रकार."

त्याने मला नीट बघितलं. साडीवर कार्डिगन, पायात स्पोर्ट शूज, हात पसरलेले. "किती वेळ चालतं हे?"

मी डोंगराकडे बोट दाखवलं. "तो काळा ढग त्या शिखरापाशी पोचेपर्यंत."

त्यानेही वर पाहिलं. आम्ही दोघं थोडा वेळ तो ढग बघत राहिलो. "वारा पडलाय," तो म्हणाला. "वेळ लागेल तुम्हाला. नो वरीज." आणि गेला. त्यानंतर त्याची गाडी बागेवरून जायची तेव्हा तो हॉर्न वाजवायचा, आणि मी पडल्यापडल्या हात हलवायची.

दुसरं काम हिशेबाचं. रोमँटिक चित्रात आकाशाचा पुरावा जमिनीवर सापडतो. कुरणावर उन्हाचा एक पट्टा असेल तर ढगात त्याला फट हवी, आणि सावली कुठे पडली त्यावरून ती फट कुठे ते काढता येतं. हे मी आजोबांना सांगितलं आणि त्यांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना कुणीतरी मॉडेल करायला सांगत होतं. अर्ध्या तासात त्यांनी ओट्यावर परात मांडली, टॉर्च आणला, जुन्या गादीतला कापूस काढला. पण डोंगराला लागणारी कणीक मी मळायला घेतली आणि ते थबकले.

"वसू, सगळ्या सिडनीत आटा मिळत नाहीये आणि तू त्याचा डोंगर करतेस?"

"मग कशाचा करू? तुमच्या सॅनिटायझरचा?"

डोंगर झाला. आजोबांनी झाडूच्या दांड्याला कापसाचा ढग बांधून परातीवर धरला, मी टॉर्च धरला. तुम्ही दोघं कॉलवर होतात, आठवतं का? आजोबा ओरडत होते, "ढग पूर्वेला!" आणि ओजस पर्थहून ओरडत होता, "मोअर रेन!" बरीच खटपट करून आम्ही चित्रातला उन्हाचा पट्टा परातीत बरोबर पाडला. फट निघाली डावीकडे, जिथलं आकाश शाबूत होतं. ताटाएवढ्या भोकाच्या जागी हिशेबाने फक्त काळा ढग येत होता. निळ्याला जागाच नव्हती.

"सिद्ध झालं," आजोबा म्हणाले. डोंगराच्या त्यांनी त्याच रात्री पोळ्या करायला लावल्या. पोळ्यांत कापसाचे तंतू लागत होते, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

मला मात्र घास गोड लागेना. मॉरीनला आता फोन करून सांगायचं होतं की निळं नव्हतं. म्हणजे तिच्या घरचे बरोबर होते, तिचं इकडचं तिकडे होत होतं. शब्द देऊन बसले होते, तेव्हा सांगणं भागच होतं. मी एक दिवस लांबणीवर टाकलं. कारण एवढंच की खालचा भाग अजून साफ करायचा होता आणि काम अर्धवट ठेवून फोन करायची मला सवय नाही.

सकाळी काही न खातापिता, चूळ भरून गॅरेजमध्ये बसले. चित्र कित्येक वर्षं भिंतीतल्या शेकोटीच्या वर टांगलेलं होतं, त्यामुळे धूर सगळ्यात जास्त खालच्या कडेला बसला होता. एक बोळा, दुसरा बोळा, दहावा. गाई पांढऱ्या निघाल्या. गवत हिरवं निघालं. डबक्यापाशी आले. बोळा फिरवला, काळा झाला, फेकला. नवा ओला केला, फिरवला. तपकिरीखालून करडं पाणी आलं. आणखी एक बोळा.

निळं.

अंगठ्याच्या नखाएवढं. पांढरा न मिसळलेलं, धुतलेलं, पिळलेलं, इथलं निळं.

मी वर भोकाकडे पाहिलं, खाली निळ्याकडे पाहिलं. मग डोक्यात उजेड पडला. डबकं म्हणजे आरसा! पायाशी असलेलं पाणी आकाशाचा वरचा भाग दाखवतं, दूरचं पाणी क्षितिजापाशी असतो तो. आणि हे डबकं बरोबर त्या भोकाखाली होतं. त्या अनोळखी माणसाने वर फट रंगवली आणि खाली तिचं प्रतिबिंब रंगवलं. दोन होते. एक वर, एक खाली.

मी खुर्चीवरून उठले आणि नाचले. हो, नाचले, तोंडात काडी तशीच. आजोबा आवाज ऐकून सॅनिटायझरची बाटली घेऊन धावत आले. "ती बाटली बाहेर!" मी एवढी किंचाळले की समोरच्या बाई पुन्हा खिडकीत आल्या.

त्यांनी डबकं पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. "मग आपला डोंगर चुकला?"

"डोंगर बरोबर होता. चित्रकार चुकला."

आणि ते खरं होतं. वादळ आणि उन्हाचा पट्टा त्याने इंग्लंडहून शिकून आणले होते, ठरलेल्या जागी ठरलेला उजेड. तो नखाएवढा निळा तुकडा मात्र त्याने इथे, या डोंगराखाली उभं राहून पाहिला असणार. हिशेबात बसत नव्हता, तरी त्याला तो टाकवेना. सगळ्या चित्रात तेवढंच ऑस्ट्रेलिया होतं. मला त्या माणसाला कडकडून मिठी मारावीशी वाटली. लॉकडाउन होता आणि तो जाऊन दीडशे वर्षं झाली होती, म्हणून आजोबांना मारली. चिकटपट्टीच्या संशयास्पद बाजूला.

मग वरचं भोक भरलं. कडेला उरलेल्या ढगांच्या टोकांवरून त्यांचे आकार पुढे नेले, बागेत पडून शिकले होते तेवढेच, एकही जास्तीचा नाही. शेवटी फट, आणि फटीत निळं. खालच्या डबक्याशी ताडून रंग कालवत होते आणि हात दोनदा पांढऱ्याकडे गेला. दोनदा मागे घेतला.

डीन चित्र न्यायला आला तेव्हा मी त्याला लेटरबॉक्सपासून गॅरेजच्या दारापर्यंत यायची परवानगी दिली. डबकं दाखवलं. त्याने टोपी काढली. मग आम्ही दोघांनी मिळून चित्र प्लॅस्टिकमध्ये बांधलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की फक्त प्लॅस्टिक पुसावं, आतल्या वस्तूला हात लावू नये. डीनने त्याखाली स्वतः तीन रेघा ओढल्या.

चित्र लागलं तेव्हा कॉलवर मी होते आणि दुसऱ्या चौकोनात डीन, त्याच्या क्वेकर्स हिलच्या स्वयंपाकघरात. सिमरनने टॅब्लेट खिडकीत टेकवला होता. मॉरीनने खुर्ची पुढे घ्यायला लावली. वर बघितलं. खाली बघितलं. परत वर. आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती.

"डीन," ती न वळता म्हणाली, "निळे तुकडे किती आहेत?"

"दोन, आत्या."

"कुठे कुठे?"

"एक वर. एक खाली. तू म्हणालीस तसेच."

मग मॉरीन वळली. अशी मिश्कील दिसत होती की सिमरन पडद्याआड हसायला लागली.

"येस, डियर," मॉरीन म्हणाली.

रंगाच्या एका ठिपक्यावरून कुणाला घरी सोडत नाहीत, हे मला कळतं. डॉक्टर होते, व्यायाम घेणाऱ्या मुली होत्या, चालणं सुधारावं लागलं. पण डीनने त्या दिवसापासून तिचं म्हणणं ऐकून घ्यायला सुरुवात केली, असं सिमरन मला सांगायची. निर्बंध सैल झाल्यावर मॉरीन घरी गेली, चित्र घेऊन. पुढची काही वर्षं ती तिथेच राहिली आणि तिथेच गेली. मी तिला प्रत्यक्ष एकदाच भेटले. तिने मला चहा दिला आणि विचारलं, "मळ काढलास कशाने?" मी खरं सांगितलं. तिने माझ्या कपाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि आणखी एक बिस्कीट पुढे केलं.

आता माझ्या डोळ्यांना एकमेकांजवळचं निळं आणि करडं वेगळं करता येत नाही, म्हणून गॅरेज आवरलं. बरण्यांवरची लेबलं अजून आहेत, बरण्या आजोबांच्या स्क्रूंनी भरल्यात. एकच रुखरुख राहिली. एवढी आकाशं सांभाळली, स्वतःचं एकही रंगवलं नाही. बागेत पडून जे ढग बघितले तेही दुसऱ्याच्या चित्रात गेले.

ते चित्र आता क्वेकर्स हिलला डीनच्या घरी टीव्हीच्या वर आहे. खालचं निळं त्या चित्रकाराचं, वरचं माझं. कधी कुणाच्या अल्बममध्ये मुकुट नसलेला फोटो निघाला तर दुरुस्त करता यावं म्हणून माझ्या भागावर मी व्हार्निश दिलेलं नाही. थुंकीच्या दोन बोळ्यांत तो पुसला जाईल. अजून कुणी पुसलेला नाही.